रस्त्यावरची पाटी



गेल्या आठवड्यात आपण दीपगृहाची माहिती घेतली. बोटीला रात्री वाट दाखवणारा तो उंच दिवा! आज बोटीतून उतरून रस्त्यावर येऊ या. कारण बोटीनं आलेला पुष्कळसा माल पुढे रस्त्यानंच तर जातो.

आमच्या उरण तालुक्यात न्हावा आणि शेवा ही दोन निरनिराळी गावं. २६ मे १९८९ रोजी इथं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि देशभरातले ट्रकवाले या दोन गावांची नावं एका दमात घेऊ लागले, न्हावाशेवा! शेवा गाव तर या बंदरासाठी आपल्या मूळ जागेवरून हललं. आज हे देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. कंटेनर म्हणजे लोखंडाची भलीमोठी पेटी. कधी २० फुटी, कधी ४० फुटी. ४० फूट म्हणजे साधारण १२ मीटर. आणि पुरुषांच्या कबड्डीचं मैदान असतं १३ मीटर लांब. म्हणजे बघा, जवळजवळ अख्खं कबड्डीचं मैदान चाकांवर बसून धडधडत आपल्या शेजारून जातं. करळ फाटा, जासई, गव्हाण फाटा, तिथून पुढे पळस्पे. दिवसा जातं, रात्री जातं, दिवाळीच्या दिवशीसुद्धा जातं.

परवा चौथीच्या वर्गात मी वाहतुकीची चिन्हं शिकवत होते. फळ्यावर त्रिकोण काढला, वर्तुळ काढलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, ट्रेलरवाला पंजाबचा असला, नाहीतर तमिळनाडूचा असला, तर त्याला आपली पाटी वाचता कशी येणार?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर असं, की तो ती वाचत नाही. तो ती बघतो. वाचायला वेळच कुठे असतो त्याच्याकडे?

आता थोडं गणित करू. घाबरू नका, तोंडी होण्यासारखं आहे. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसला, डोक्यात शिरला आणि पाय ब्रेककडे गेला, एवढ्याला रस्ते बांधणारे इंजिनिअर अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात गाडी ४० मीटरच्या पुढे गेलेलीसुद्धा असते, आणि ब्रेक तर आत्ता कुठे लागतोय! सगळं मिळून थांबेपर्यंत ८० मीटर लागतात असं त्यांच्या तक्त्यात आहे. ८० मीटर म्हणजे कबड्डीची सहा मैदानं एकापुढे एक मांडा. आणि रस्ता ओला असला, ट्रेलर लादलेला असला, तर हे अंतर आणखी वाढणार.

म्हणून "पुढे शाळा आहे" हे शाळेच्या दारात सांगून काही उपयोग नसतो. ते आधी सांगावं लागतं. सपाट भागातल्या राष्ट्रीय महामार्गावर अशी सावधगिरीची पाटी १२० मीटर आधी लावावी असं नियमाच्या पुस्तकात पूर्वी होतं. आता हे अंतर त्या रस्त्यावरच्या वेगावरून ठरवतात. या पुस्तकाला एक नंबर आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था ते काढते आणि त्याचा क्रमांक ६७. पाटी केवढी असावी, कुठं लावावी, रंग कोणते, सगळं त्यात असतं. २०१२ साली ते नव्यानं लिहिलं गेलं.

चिन्हांची ही भाषा तशी फार जुनी नाही. १९०९ साली पॅरिसला बऱ्याच देशांची बैठक झाली, तेव्हा मोटारींसाठी फक्त चार चिन्हं ठरली होती. खाचखळगा, वळण, चौक आणि रेल्वेचं फाटक. बस्स, चारच! पुढे मोटारी वाढल्या तशी चिन्हंही वाढली. १९६८ साली व्हिएन्नाला जगातल्या अनेक देशांनी मिळून एक करार केला, त्यात १९८० साली भारतही सामील झाला. लाल काठाचं वर्तुळ असलं तर ती आज्ञा. ती मोडली तर दंड. लाल काठाचा त्रिकोण असला तर सावध राहा. आयत असला तर नुसती माहिती, पेट्रोलपंप, दवाखाना, अमुक गाव इतके किलोमीटर. आणि "थांबा"ला आठ कोन. आठच का? तर दुसऱ्या कुठल्याच पाटीला ते नाहीत म्हणून. ती पाटी चिखलानं भरली, उलट बाजूनं दिसली, तरी आकारावरून ओळखू येते.

"थांबा"ची एक गंमत सांगते. अमेरिकेत १९५४ सालापर्यंत ही पाटी पिवळी असायची! लाल रंगच उन्हात टिकत नव्हता ना. काही महिन्यांत विटून जायचा. न विटणारा लाल मिळाला तेव्हा कुठे ती पाटी लाल झाली. आजही पाटी जुनी झाली की आधी लालच विटतो. उद्या एखाद्या जुन्या पाटीकडे निरखून बघा. काठ गुलाबी, नाहीतर फिकट नारिंगी झालेला दिसेल. मधलं काळं चित्र मात्र ठणठणीत असतं.

तर ही पाटी तयार कशी होते?

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी सांगतील, पूर्वी पेंटर यायचा. नगरपालिकेच्या किंवा बांधकाम खात्याच्या आवारात लोखंडी पत्रा कापायचा, त्याला गंज लागू नये म्हणून आधी तांबडा हात द्यायचा, मग ऑइलपेंटनं पांढरं, लाल, काळं. अक्षर सुबक असायचं, पण रात्री ते दिसायचं नाही. आणि आमच्या खाऱ्या हवेत लोखंड किती टिकणार? उरणला मिठागरं आहेत. जी हवा मीठ पिकवते तीच पत्रा खाते.

आता लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचा पत्रा वापरतात. पत्रा कापला की त्याचे कोपरे गोल करतात, कडा कानशीनं घासतात. मग तो स्वच्छ धुतात, तेलाचा, ग्रीसचा अंशसुद्धा राहू देत नाहीत. वाळल्यावर त्याला उघड्या हातानं शिवायचं नाही. आपल्या बोटांना तेल असतं आणि बोटाचा ठसा राहिला तर तिथून पुढे पापुद्रा सुटतो. मग त्यावर चमकणारा कागद चिकटवतात. एका कडेनं सुरुवात करून रोलर फिरवत जायचं, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. वहीला पारदर्शक कव्हर घालताना तुमची काय तारांबळ होते ते मला माहीत आहे, तेव्हा याची कल्पना येईल. मोठ्या पाटीवर दोन तुकडे जोडायचे झाले तर वरचा तुकडा खालच्यावर थोडा चढवतात. घरावरची कौलं कशी असतात? अगदी तसंच. पावसाचं पाणी ओघळून जातं, आत शिरत नाही.

चित्र छापायचं ते जाळीतून. लग्नपत्रिका किंवा टी-शर्ट छापतात तसं. इथं एक बारकावा आहे, बरं का. लाल शाई पारदर्शक लागते, कारण उजेड तिच्यातून आत जाऊन परत आला पाहिजे. काळी शाई मात्र अगदी दाट लागते, कारण काळं चित्र रात्रीसुद्धा काळंच दिसायला हवं. शाळेच्या पाटीवरची मुलं रात्री चमकत नाहीत. त्यांच्या मागचं पांढरं चमकतं आणि म्हणूनच ती दिसतात.

या चमकणाऱ्या कागदाला सगळे जण "रेडियम" म्हणतात. सायकलवाला म्हणतो, गॅरेजवाला म्हणतो, गाड्यांवर नावं चिकटवणारा म्हणतो. पण त्यात रेडियम नसतं हं! रेडियम हे मूलद्रव्य मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ साली शोधलं. त्याचा रंग लावलेले घड्याळाचे काटे एके काळी अंधारात आपोआप चमकायचे. तो रंग लावणाऱ्या कामगार मुलींना त्यापायी भयंकर आजार झाले, म्हणून पुढे ते बंद पडलं. आपल्या पाटीवरचा कागद आपण होऊन चमकतच नाही. पूर्ण अंधारात तो पत्र्याइतकाच आंधळा असतो. त्याच्यावर उजेड पडला तर जिकडून आला तिकडेच तो परत पाठवतो, एवढंच त्याचं काम.

हे कसं होतं? खोलीच्या कोपऱ्यात जा, जिथं दोन भिंती आणि जमीन एकत्र मिळतात. तिथं रबरी चेंडू जोरात टाका. तीन ठिकाणी आपटून तो बहुतेक तुमच्याकडेच परत येईल. त्या कागदात असे हजारो बारीक बारीक कोपरे असतात, डोळ्यांना न दिसणारे. साध्या प्रतीच्या कागदात कोपऱ्यांऐवजी काचेचे रव्यासारखे मणी असतात, तेही उजेड असाच उलटा फिरवतात. रस्त्यावर पांढरे पट्टे मारतात, त्यावरही ओल्या रंगात असे काचेचे मणी पसरतात. सायकलच्या मागचा लाल तुकडा हीसुद्धा कोपऱ्यांचीच करामत. आणि १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जो आरसा ठेवला, त्यातही असे १०० कोपरे आहेत. पृथ्वीवरून लेझरचा किरण सोडला की तो परत येतो आणि चंद्राचं अंतर मोजता येतं. २०२३ साली उतरलेल्या आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रमवरही असाच एक छोटासा परावर्तक आहे. चंद्रावर एक पाटी आपलीही आहे म्हणायची!

एक प्रयोग करून बघा. घरच्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि जिथं गाड्या येत नाहीत अशा गल्लीतली किंवा सोसायटीच्या आवारातली पाटी निवडा. अंधार पडल्यावर पन्नास पावलांवर उभे राहा. बॅटरी अगदी कानशिलाला लावून पाटीवर मारा. पाटी झगझगीत पेटल्यासारखी दिसेल. आता बॅटरी बरोबरच्या माणसाकडे द्या, त्याला दहा पावलं बाजूला उभं करा आणि तिथून मारायला सांगा. पाटी विझते! त्याला ती चमकताना दिसते, तुम्हाला नाही. ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या जवळच गाडीचे दिवे असतात, म्हणून त्याला दिसते. रस्त्यात चालणाऱ्या माणसाला तीच पाटी मळकट वाटते आणि तो म्हणतो, "कसली ही पाटी, दिसतच नाही!" म्हणून पाट्या तपासायच्या तर रात्री गाडीत बसून, दिवे लावून तपासाव्या लागतात. खात्याच्या माणसांनी भर दुपारी पाहणी केली तर त्यांना अर्धीच गोष्ट कळते, असं माझं मत आहे.

पाटी तयार झाली की मागून रिव्हेट मारून तिला लोखंडी चौकट बसवतात. लोखंड आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले तर धातू लवकर झिजतो, म्हणून मधे वॉशर घालणं चांगलं. खांबावर काळे-पांढरे पट्टे, प्रत्येक पट्टा २५ सेंटीमीटरचा आणि सगळ्यात खालचा काळा. पाटीची पाठ राखाडी. खड्डा ६० सेंटीमीटर खोल घेऊन त्यात काँक्रीट भरतात. आजकाल बऱ्याच ठिकाणी तयार पाट्या कंत्राटदाराकडून येतात आणि सरकारी आवारात वाकलेले खांब सरळ करणं, सुटलेल्या चौकटी परत बसवणं, सापडलेली पाटी पुन्हा लावणं हीच कामं जास्त असतात. सापडलेली म्हणजे? अहो, ॲल्युमिनियमला भंगारात भाव येतो. पाट्या चोरीला जातात!

खरं काम पुढंच आहे. नवी पाटी लावताना नारळ फुटतो, फोटो निघतो. जुनी पाटी धुताना कोणी नारळ फोडलेला मी तरी पाहिला नाही.

आपल्याकडच्या पाटीचं वर्ष कसं जातं बघा. उन्हाळ्यात ट्रेलरच्या चाकांनी उडालेली धूळ तिच्यावर बसते आणि खाऱ्या ओलाव्यानं घट्ट होते. जूनमध्ये पाऊस आला की वाटतं, चला, धुऊन निघेल. पण उलट चिखलाचे शिंतोडे उडतात आणि सावलीतल्या पाटीवर हिरवं शेवाळ धरतं. श्रावणात वेल खांबावर चढतो आणि गणपती येईपर्यंत पाटी पानांत गायब. त्यातून उरली तर तिच्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर बांधतात. फुलांच्या हारात हसरे चेहरे, आणि त्यामागे "पुढे शाळा आहे". ट्रेलरवाल्याला शुभेच्छा दिसतात, शाळा दिसत नाही. ते ८० मीटर आठवतात ना? त्याचा हिशोब तिथंच चुकतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

पाटी धुवायची तर साधं पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं. तारेचा ब्रश लावायचा नाही, वाळूनं घासायचं नाही, त्यानं कागदाला ओरखडे पडतात आणि चमक जाते. हे काम खात्याच्या माणसांचं आहे, तुम्ही शिडी घेऊन महामार्गावर जायचं नाही! फांदी तोडायलासुद्धा नाही.

कायद्यातही पाटीची काळजी घेतलेली आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा म्हणतो, की वाहतुकीची पाटी कोणी मुद्दाम काढायची नाही, बदलायची नाही, खराब करायची नाही. आणि चुकून एखाद्या गाडीचा धक्का लागून पाटी मोडली, तर त्या माणसानं २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायला हवं. हे कलम किती जणांना माहीत असेल? पालकांनो, तुम्हाला होतं का?

शाळेच्या पाटीवरून आठवलं. इंग्लंडमध्ये पूर्वी शाळेच्या पाटीवर पेटती मशाल असायची. ज्ञानाची ज्योत! आता वेगानं जाणाऱ्या ड्रायव्हरला ज्योत बघून शाळा कशी आठवणार? १९६५ साली तिथं सगळ्या पाट्या नव्या झाल्या. मार्गारेट कॅल्व्हर्ट नावाच्या बाईंनी शाळेच्या पाटीचं चित्र नव्यानं काढलं. मोठी बहीण धाकट्या भावाचा हात धरून चाललीय असं ते चित्र. त्यातली मुलगी म्हणजे लहानपणची मीच, असं त्यांनी सांगितलंय. मला ही गोष्ट फार आवडते. भावाला हाताला धरून शाळेत आणणाऱ्या ताया माझ्या शाळेत रोज सकाळी दिसतात.

आणखी एक सांगते. चिन्हं सगळ्या देशाला कळतात, पण गावांची नावं अक्षरांतच लिहावी लागतात. देवनागरीत ते अवघड काम आहे. आपली मात्रा आणि वेलांटी वर, उकार खाली. "न्हावे" लिहा आणि "MUMBAI"च्या जागी "मुंबई" लिहा, वर-खाली किती जागा लागते बघा. पेंटरनं जागा वाचवायला उकार आखडला की लांबून अक्षर कळत नाही. आणि ज्या गावाचं नाव पाटीवर येतं त्या गावाच्या माणसाला काय वाटतं ते शहरातल्यांना नाही समजायचं. आमच्याकडे बाण "बंदराकडे" असतो. गाव त्याच रस्त्यावर असतं, पण पाटीवर त्याला जागा मिळतेच असं नाही. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते चिर्ले हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबईची वाट जवळ आली. चिर्ले हे नाव आता मुंबईकरांच्याही ओठी आलं, यानं तिकडची माझी मुलं जाम खूश आहेत.

आता शेवटचं. तुमच्या शाळेजवळची पाटी झाकली गेली असेल, पडली असेल, नाहीतर नसेलच, तर कोणाला सांगायचं? आधी रस्ता कोणाचा ते बघायचं. गावातला रस्ता असेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, दोन गावांमधला असेल तर जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग, बंदराच्या आवारातला असेल तर बंदराचं कार्यालय. राष्ट्रीय महामार्ग असेल तर पालकांना १०३३ या क्रमांकावर फोन करायला सांगा. नुसतं "शाळेजवळची पाटी" म्हणू नका. अशा शाळा शेकडो आहेत. जवळच्या किलोमीटरच्या दगडावर काय लिहिलंय, पाटी कुठून कुठे जाणाऱ्या गाड्यांसाठी आहे, रस्त्याच्या कुठल्या अंगाला आहे, आणि नेमकं काय झालंय, वेल चढलाय, बॅनर आहे, का रंग उडालाय, एवढं एका कार्डावर मावतं. खाली शाळेचं नाव आणि तारीख घाला. कार्डाची एक नक्कल आपल्याजवळ ठेवा. पंधरा दिवसांनी परत विचारायचं झालं तर ती लागते.

पुढच्या आठवड्यात त्या किलोमीटरच्या दगडांकडेच जाऊ. कुणाची टोपी पिवळी, कुणाची हिरवी, ती का, ते तोवर रस्त्यानं जाता-येता बघून ठेवा.

तुमच्या बाई